जपानचा भूकंप अलर्ट आणि सेफ्टी टिप्स अ‍ॅप: टोकियोत राहून वापरतेय, सविस्तर रिव्ह्यू

जपानला नोकरीसाठी किंवा फिरायला येणारे मराठी लोक हल्ली खूप वाढलेत. व्हिसा, व्हेज जेवण, सिमकार्ड, रेल्वे पास ह्यावर ढिगाने माहिती मिळते पण भूकंपाच्या अलर्टवर मराठीत नीट कुणी लिहिलेलं मला तरी दिसलं नाही, म्हणून हा रिव्ह्यू लिहितेय. मी टोकियोत निशी-कासाईला राहते, आपली भारतीय मंडळी जिथे सगळ्यात जास्त आहेत तिथेच, आणि इथे आल्यापासून ही सेवा वापरतेय. वापरतेय म्हणजे काय, इथलं सिम टाकलं की ती आपोआप मिळतेच, पैसे नाहीत, नाव नोंदणी नाही. आधीच सांगून टाकते, माझ्याकडून पाचपैकी साडेचार स्टार. अर्धा का कापला ते पुढे आहे, आणि ज्यांना किनाऱ्याजवळ राहायचंय किंवा फिरायचंय त्यांनी तेवढं तरी नक्की वाचा.

सेवा चालवते जेएमए, म्हणजे जपानची हवामान संस्था. पाऊस-वादळाबरोबर भूकंप, त्सुनामी आणि ज्वालामुखी पण तिच्याकडेच. १ ऑक्टोबर २००७ पासून हा अलर्ट सर्वसामान्य लोकांना मिळायला लागला. नियम असा आहे की कुठेतरी शिंदो ५-लोअर किंवा त्याहून जास्त हादरा बसेल असा अंदाज आला, की जिथे जिथे ४ किंवा जास्त अपेक्षित आहे त्या सगळ्या भागातल्या फोनवर, टीव्हीवर, रेडिओवर एकदम अलर्ट जातो. शिंदो आणि मॅग्निट्यूडमधे आपल्याकडचे लोक फार गोंधळ करतात. मॅग्निट्यूड हा अख्खा भूकंप किती मोठा ह्याचा एकच आकडा, शिंदो म्हणजे तुम्ही उभे आहात तिथे किती हललं. शिंदो ० ते ७ असतो पण ५ आणि ६ चे लोअर-अप्पर असे दोन भाग असल्यामुळे एकूण दहा पायऱ्या होतात. २०११ च्या मोठ्या भूकंपात मियागी प्रांताच्या कुरिहारा शहरात शिंदो ७ होता आणि इथे टोकियोत ५-अप्पर. भूकंप एकच.

आवाज एकदा ऐकला की विसरत नाही. कर्कश बझर आणि मग यांत्रिक आवाजात "जिशिन देसु, जिशिन देसु", म्हणजे भूकंप आहे, भूकंप आहे. लोकलच्या डब्यात असाल तर सगळ्यांचे फोन एकाच वेळी ओरडायला लागतात, सायलेंटवर ठेवलेले सुद्धा. पहिल्या वेळी पोटात गोळा येतो हे खरंय पण बघा, डब्यात कुणी उठून पळत नाही, लोक दांडा घट्ट धरतात आणि बॅग डोक्यावर घेतात. ऑफिसमधे टेबलाखाली, घरी गॅसपासून लांब आणि जमलं तर दार उघडून ठेवायचं कारण चौकट वाकली की दार अडकतं. तेवढं करायला दहा सेकंद पुरतात, आणि ही सेवा देते ते साधारण तेवढंच, काही सेकंद ते फार तर मिनिटभर.

आता हे सेकंद येतात कुठून ते सांगते. पुष्कळ लोकांचा समज आहे की जपानला भूकंप आधी कळतो. अजिबात नाही. भूकंप सुरू झालेला असतो, फक्त तुमच्यापर्यंत पोचलेला नसतो. जमीन फाटते तेव्हा दोन प्रकारच्या लहरी निघतात, पी लहर सेकंदाला ६-७ किलोमीटरने पळते आणि तिचा धक्का छोटा असतो, एस लहर सेकंदाला साडेतीन-चार किलोमीटरने मागून येते आणि घरं पाडते ती हीच. देशभर जेएमएचे सुमारे ६९० आणि एनआयईडी ह्या संशोधन संस्थेचे सुमारे १००० भूकंपमापक लावलेत, त्यातल्या जवळच्यांना पी लहर लागली की कॉम्प्युटर काही सेकंदात भूकंप कुठे आणि साधारण किती मोठा ह्याचा अंदाज काढतो आणि तो अंदाज नेटवर्कवरून एस लहरीच्या पुढे धावतो. ह्या शर्यतीत तुम्ही केंद्रापासून जितके लांब तितका वेळ जास्त.

आणि म्हणूनच ही सेवा सबडक्शन झोनच्या, म्हणजे जमिनीच्या कवचाची एक प्लेट दुसरीखाली घुसते तिथल्या, भूकंपांसाठी सगळ्यात कामाची आहे. जपानच्या पूर्वेला समुद्रात जपान ट्रेंच नावाची खोल घळ आहे, तिथे पॅसिफिक प्लेट वर्षाला साधारण ८ सेंटीमीटर वेगाने पश्चिमेला सरकत जपानच्या खाली घुसते. पण गुळगुळीत घुसत नाही ना, दोन प्लेट मधल्या मोठ्या पट्ट्यात एकमेकीला चिकटून बसतात. खालची सरकतच राहते, वरची तिच्याबरोबर ओढली जाते, तिची समुद्राकडची कड खाली दबत जाते आणि जमिनीकडचा भाग आवळत जातो, हे शेकडो वर्षं चालतं आणि जमिनीवरच्या जीपीएसमधे ते दिसतं सुद्धा. मग एक दिवस ती चिकट जागा सुटते, वरच्या प्लेटची कड झटक्यात समुद्राकडे आणि वर उसळते, जमीन हादरते तो भूकंप आणि डोक्यावरचं सगळं पाणी वर उचललं जातं ती त्सुनामी. म्हणजे एकाच घटनेतून दोन संकटं निघतात, एक सेकंदात पोचणारं आणि दुसरं मिनिटांत. पण केंद्र किनाऱ्यापासून शंभर-सव्वाशे किलोमीटर आत समुद्रात असतं, तेच आपल्याला वेळ देतं.

बाबांचं लहानपण पाटणला गेलं, कोयनेचा १९६७ चा भूकंप त्यांच्या घरातल्यांनी भोगलेला. ते इथे आले तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न हाच विचारला की आपल्याकडे असं काही का नाही. कोयना काय किंवा १९९३ चं किल्लारी काय, तिथे केंद्र गावांच्या थेट खाली आणि कमी खोलीवर होतं, त्यामुळे पी आणि एस लहर जवळजवळ मागोमागच आली. जगातली कुठलीही यंत्रणा अशा गावाला वेळ देऊ शकत नाही, तिथे घराच्या भिंतीच वाचवतात. टोकियोत सुद्धा हेच होतं. ७ ऑक्टोबर २०२१ ला रात्री १०:४१ ला शेजारच्या चिबामधे ५.९ चा भूकंप झाला, खोली सुमारे ७५ किलोमीटर, टोकियोच्या काही भागात ५-अप्पर. अशा जवळच्या भूकंपात फोन वाजतो आणि हलायला लागतं हे एकदमच होतं, त्याला सेवेचा दोष म्हणू नका.

आता २०११. ह्याच्याशिवाय ह्या सेवेचा रिव्ह्यू होऊच शकत नाही कारण आजची सेवा त्या दिवशीच्या चुकांवर बांधलेली आहे. ११ मार्च २०११, दुपारी २ वाजून ४६ मिनिटं १८ सेकंदाला ओशिका द्वीपकल्पापासून साधारण १३० किलोमीटर समुद्रात, २४ किलोमीटर खोलीवर फॉल्ट, म्हणजे दोन प्लेटमधली ती चिकटलेली भेग, सुटायला सुरुवात झाली. पी लहर किनाऱ्यावरच्या पहिल्या भूकंपमापकाला लागायला वीसेक सेकंद गेले. तिथून ५.४ सेकंदात पहिला अंदाज निघाला आणि तो होता मॅग्निट्यूड ४.३. हो, चार पॉइंट तीन. मग ५.९, मग ६.८, आणि पी लहर सापडल्यापासून ८.६ सेकंदात चौथा अंदाज ७.२ आला तसा तोहोकूच्या, म्हणजे जपानच्या ईशान्य भागातल्या, लोकांना अलर्ट गेला. सेंदाईला जोराचा हादरा त्यानंतर पंधराएक सेकंदांनी पोचला. तोहोकू शिनकानसेनच्या, म्हणजे तिथल्या बुलेट ट्रेनच्या, गाड्या वेगात धावत होत्या, रेल्वेच्या स्वतःच्या किनाऱ्यावरच्या भूकंपमापकाने वीज तोडली, ब्रेक लागले आणि प्रवासी घेऊन धावणारी एकही गाडी रुळावरून घसरली नाही. इथपर्यंत पूर्ण मार्क द्यायलाच पाहिजेत.

पण विचार करा, अलर्ट गेला तेव्हा भूकंप सुरू होऊन जेमतेम तीस सेकंद झाले होते आणि फॉल्ट फाटायचा थांबलाच नव्हता, तो जवळपास तीन मिनिटं फाटत राहिला आणि शेवटी साधारण ५०० किलोमीटर लांब आणि २०० किलोमीटर रुंद असा पट्टा सुटला. म्हणजे कॉम्प्युटरने ७.२ म्हटलं तेव्हा त्या भूकंपाचा बराचसा भाग अजून घडायचा होता. जे घडलंच नाही ते कुठलं यंत्र मोजणार? ही गोष्ट मला सगळ्यात जास्त पटवून द्यायची आहे. मोठ्या सबडक्शन भूकंपात पहिला आकडा लहानच येतो, कारण तो भूकंपाच्या सुरुवातीचा आकडा असतो. त्या दिवशी अलर्टचा अंदाज शेवटी ८.१ वर जाऊन थांबला, आणि तोपर्यंतच्या हिशोबात टोकियोला शिंदो ४ पेक्षा कमी येत होता म्हणून कांतो, म्हणजे टोकियो आणि आसपासच्या, भागातल्या लोकांना अलर्ट गेलाच नाही. इथे माझ्या सध्याच्या घराशेजारच्या उरायासूमधे भराव घालून केलेल्या जमिनीत वाळूचं पाणी पाणी झालं, रस्ते फुटून चिखल वर आला, घरं कलली, आणि तिथल्या लोकांना आधी काही कळलं नव्हतं.

त्सुनामीच्या बाबतीत किंमत ह्याहून फार मोठी पडली. जेएमएने बरोबर तीन मिनिटांत, २:४९ ला त्सुनामीचा इशारा दिला, वेगाच्या दृष्टीने ह्याहून चांगलं काही करता आलं नसतं. पण त्यात मॅग्निट्यूड ७.९ धरलं होतं. खरं निघालं ९.०, ह्या दोन आकड्यांत सुटलेल्या ऊर्जेचा फरक सुमारे ४५ पटीचा आहे. त्यामुळे मियागीला ६ मीटर आणि इवाते-फुकुशिमाला ३ मीटर लाट येईल असं जाहीर झालं. ज्या गावांच्या पुढे दहा-दहा मीटरच्या संरक्षक भिंती आहेत तिथे ३ मीटर ऐकून माणसाला काय वाटणार सांगा. नीट मॅग्निट्यूड काढायला लागणारे देशातले संवेदनशील भूकंपमापक तर हादऱ्याने स्केलच्या बाहेर गेले होते, म्हणून तो आकडा वेळेत निघालाच नाही. ३:१२ ला कामाइशीच्या समोर समुद्रात तरंगत ठेवलेल्या जीपीएस बॉयाने ६.७ मीटर पाणी वर आल्याचं दाखवलं तेव्हा ३:१४ ला इशारा वाढवून मियागीला १० मीटर केला, पण तोपर्यंत कित्येक ठिकाणी वीज गेलेली, टीव्ही बंद, आणि लाट दाराशी आलेली. ओफुनातोला ३:१८ ला ८ मीटरच्या वर पाणी मोजलं गेलं. काही ठिकाणी पाणी डोंगराच्या उतारावर ४० मीटर उंचीपर्यंत चढलं. सुमारे १५,९०० माणसं गेली आणि अडीच हजारांहून जास्त अजून सापडलेली नाहीत. मी कापलेला अर्धा स्टार सुरुवातीला लहान येणाऱ्या त्या पहिल्या अंदाजाचा आहे. आणि तो जेएमएचा निष्काळजीपणा होता असं मी म्हणत नाही, ही निसर्गाने घातलेली मर्यादा आहे आणि वापरणाऱ्याला ती माहीत असायलाच पाहिजे.

बरं इतका मोठा भूकंप तिथे होईल असं फार कमी लोकांना वाटलं होतं. सरकारी अंदाज मियागीच्या समोर साधारण ७.५ च्या भूकंपाचा होता. इसवी सन ८६९ च्या जोगान त्सुनामीने सेंदाईच्या सपाट भागात कित्येक किलोमीटर आत वाळूचा थर टाकलेला, तो शास्त्रज्ञांना सापडला होता पण ते काम नियोजनात उतरायच्या आतच २०११ उजाडलं. शिवाय ट्रेंचच्या अगदी जवळचा वरचा भाग मऊ असल्याने तिथे ताण साठत नाही असं धरून चालले होते. प्रत्यक्षात सगळ्यात जास्त, सुमारे ५० मीटर सरकला तो तोच भाग आणि म्हणून त्सुनामी एवढी राक्षसी झाली. मग २०१२ मधे चिक्यू नावाच्या ड्रिलिंग जहाजाने जवळपास ६,९०० मीटर खोल पाण्यात आणि त्याखाली आणखी आठशे मीटरच्या वर भोक पाडून तो फॉल्ट गाठला. मला ही गोष्ट प्रचंड आवडते, म्हणजे भूकंप होऊन दीड वर्ष व्हायच्या आत माणसं जाऊन त्याच्या अंगाला हात लावून आली. तिथे सापडला पाच मीटरपेक्षाही पातळ असा चिकणमातीचा थर, आणि तो वेगाने घासला की त्याचं घर्षण जवळजवळ नाहीसं होतं, पावसाळ्यात कोकणातल्या लाल मातीच्या उतारावर चप्पल जशी सटकते तसं. त्यांनी भोकात थर्मामीटर सोडून फॉल्टवर उरलेली उष्णता पण मोजली, फक्त ०.३ अंशाच्या आसपास, त्यावरूनच कळलं की घर्षण किती कमी होतं.

ह्यानंतर सेवेत जे बदल झाले त्यामुळे मी साडेचार देतेय, नाहीतर तीनच दिले असते. मार्च २०१३ पासून भूकंप ८ च्या वरचा वाटला आणि आकार पक्का नसेल तर पहिल्या त्सुनामी इशाऱ्यात मीटरमधे आकडा देतच नाहीत, नुसतं "प्रचंड" असा शब्द वापरतात म्हणजे कुणी ३ मीटर ऐकून घरात बसणार नाही. टीव्हीवरचे निवेदक पण आता शांत आवाजात माहिती देत बसत नाहीत, १ जानेवारी २०२४ च्या नोतो भूकंपाच्या वेळी ज्यांनी टीव्ही पाहिला असेल त्यांना आठवेल, निवेदिका अक्षरशः ओरडून पळा पळा सांगत होत्या. दुसरा बदल भूकंपाच्या अलर्टमधे. २०१८ पासून प्लम नावाची पद्धत जोडली आहे, ती केंद्र कुठे आणि मॅग्निट्यूड किती ह्याच्या भानगडीत पडतच नाही, तुमच्या आजूबाजूच्या ३० किलोमीटरमधे आत्ता जोरात हलतंय ना, मग तुमच्याकडे पण येणार, एवढंच बघते. वेळ कमी मिळतो पण कांतोसारखं अख्खं क्षेत्र वगळलं जाण्याची भीती राहत नाही.

आणि तिसरा, सगळ्यात खर्चिक, एस-नेट. होक्काइदोपासून चिबाच्या बोसो द्वीपकल्पापर्यंत समुद्राच्या तळाशी सुमारे साडेपाच हजार किलोमीटर केबल टाकून तिच्यावर १५० ठिकाणी भूकंपमापक आणि पाण्याचा दाब मोजणारी यंत्रं बसवलीत. कान थेट फॉल्टच्या डोक्यावर नेऊन ठेवले. ट्रेंचजवळ काही झालं तर हादऱ्याची सूचना जास्तीत जास्त ३० सेकंद आणि त्सुनामीची जास्तीत जास्त २० मिनिटं आधी मिळू शकते. शिवाय त्सुनामीसाठी आता मॅग्निट्यूडच्या अंदाजावरच विसंबून राहावं लागत नाही, डोक्यावरचं पाणी खरंच किती उचललं गेलं ते मोजता येतं.

उंच इमारतीत राहणाऱ्यांसाठी एक वेगळी गोष्ट. खूप मोठ्या भूकंपातून संथ, लांब लहरी निघतात ज्या शेकडो किलोमीटर जातात आणि उंच इमारतींनाच जास्त हलवतात. २०११ ला ओसाकामधे, सातशेहून जास्त किलोमीटर लांब, जमिनीवर शिंदो फक्त ३ होता पण ५५ मजली सरकारी इमारत दहा मिनिटं झुलत होती आणि वरचे मजले एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत अडीच मीटरच्या वर हलले. फेब्रुवारी २०२३ पासून ह्या लांब लहरींचा अंदाज पण अलर्टमधे घेतलाय. टॉवर मॅन्शनमधे, म्हणजे फ्लॅटच्या उंच इमारतीत, वरचा मजला घेणार असाल तर फ्रिज आणि कपाटं भिंतीला पट्ट्यांनी बांधा, हे सामान कुठल्याही होम सेंटरमधे मिळतं, आणि घरमालकाला विचारून मगच भोकं पाडा.

चुकीचे अलर्ट येतात का, तर हो, येतात. ५ जानेवारी २०१८ ला इबाराकीच्या समोर आणि तोयामामधे जवळजवळ एकाच वेळी दोन छोटे भूकंप झाले, कॉम्प्युटरने ते एकच मोठा धरले आणि टोकियोसकट सगळीकडे फोन वाजले, झालं काहीच नाही. २०११ नंतरच्या आफ्टरशॉकमधे तर असं बऱ्याचदा व्हायचं, आता त्यावर वेगळी गणितं बसवलीत. चुकून वाजलेल्या अलर्टसाठी मी स्टार कापत नाही. उलट माझ्या ओळखीतल्या काही जणांनी झोपमोड होते म्हणून अलर्ट बंद करून ठेवलेत ते मला अजिबात पटत नाही, लहान मुलं घरात असताना तर बिलकुल नाही.

आता सेफ्टी टिप्स अ‍ॅप. हे जपानच्या पर्यटन खात्याच्या देखरेखीखाली बनवलेलं आहे, फुकट आहे, २०१४ पासून आहे आणि मुख्यतः परदेशी लोकांसाठी आहे. फोनवरचा सरकारी अलर्ट जपानी भाषेत येतो, रात्री दोन वाजता स्क्रीनवर कांजी बघून नवीन माणसाला काय कळणार. अ‍ॅप तेच इंग्रजीत आणि इतर बऱ्याच भाषांत देतं. हिंदी किंवा मराठी नाही ह्याचं वाईट वाटतं, इतके भारतीय पर्यटक येतात तर आता ती यायला हवी. पण नेपाळी आहे, आणि ते देवनागरीत असल्याने आई-बाबांना मी तेच लावून दिलं, भूकंप, सुनामी, कुठे हलायचं एवढं त्यांना वाचून समजतं. मला आवडलेली गोष्ट म्हणजे त्यातली कार्डं, "जवळचं निवारा केंद्र कुठे आहे", "मला डॉक्टर हवाय" अशी वाक्यं जपानीत तयार असतात, समोरच्याला स्क्रीन दाखवायची, झालं. मग हादरे थांबल्यावर पुढे काय करायचं त्याचे टप्पे पण दिलेत. एकच मोठी अडचण की हे इंटरनेटवरून येणारं नोटिफिकेशन आहे, त्यामुळे इंटरनेट नसेल तर येणार नाही आणि गर्दीच्या वेळी उशीर होऊ शकतो. फोनचा अलर्ट टॉवरवरून सगळ्यांना एकदम जातो म्हणून तो भरवशाचा, अ‍ॅप त्याच्या जोडीला, त्याच्या ऐवजी नाही. अ‍ॅपला चार स्टार.

नानकाईबद्दल घरून फार फोन येतात म्हणून तेवढं लिहिते. शिझुओकाच्या सुरुगा बे पासून क्यूशूच्या ह्यूगानादापर्यंत फिलिपाइन सी प्लेट जपानखाली घुसते तो नानकाई ट्रफ. इथे १७०७, १८५४ ला दीडेक दिवसाच्या आत दोन, मग १९४४ आणि १९४६ असे भूकंप झालेत. ८ ऑगस्ट २०२४ ला ह्यूगानादात ७.१ चा भूकंप झाला तेव्हा जेएमएने पहिल्यांदाच मोठ्या भूकंपाची शक्यता नेहमीपेक्षा वाढलीय अशी सूचना काढली. आठवडाभर शिनकानसेन काही भागात हळू चालवली, किनारे बंद केले, आणि १५ ऑगस्टला सूचना मागे घेतली. आपल्या ग्रुपवर तेव्हा "भूकंप येणार" असं फिरत होतं. तसं कुणीच म्हटलं नव्हतं. ७ च्या भूकंपानंतर आठवड्याभरात त्याहून बराच मोठा येतो असं काही शेकड्यांत एकदा घडतं, म्हणजे शक्यता कमीच असते पण एरवीपेक्षा वाढलेली. आणि ९ मार्च २०११ ला त्याच समुद्रात ७.३ चा झाला होता, दोन दिवसांनी काय झालं ते वर लिहिलंच आहे, म्हणून अशी सूचना आली की पाणी, औषधं, टॉर्च, चपला उशाशी ठेवायच्या आणि कामाला जायचं. २०२५ च्या जुलैत तर अमुक दिवशी महाभूकंप होणार अशी अफवा उठली, लोकांनी विमानाची तिकिटं रद्द केली, शेवटी जेएमएच्या प्रमुखांनी स्वतः सांगितलं की तारीख, जागा, आकार सांगून भूकंपाचं भाकीत करणं आज शक्य नाही. कुणी तारीख सांगत असेल तर तो मेसेज पुढे पाठवू नका.

कोकणातल्या लोकांसाठी पण एक गोष्ट, कारण आपल्याकडे त्सुनामी येतच नाही असं मी खूपदा ऐकलंय. पाकिस्तान-इराणच्या किनाऱ्यालगत मकरान हा सबडक्शन झोन आहे, २८ नोव्हेंबर १९४५ ला तिथे ८.१ चा भूकंप झाला आणि त्याची त्सुनामी मुंबईपर्यंत पोचली होती, माणसंही दगावली होती. २००४ च्या सुमात्रानंतर हैदराबादच्या इन्कॉइसमधे आपलं त्सुनामी केंद्र २००७ पासून चालू आहे आणि त्यांचे इशारे मकरानसाठी पण असतात. शिवाय अँड्रॉइड फोनवर गुगलचा भूकंप अलर्ट भारतात २०२३ पासून मिळतो, सेटिंगमधे जाऊन सेफ्टी अँड इमर्जन्सीत बघा.

जपानला येणाऱ्यांनी एवढं करा. इथलं सिम असेल तर फोनच्या नोटिफिकेशन सेटिंगमधे इमर्जन्सी अलर्ट चालू आहे ना ते बघा. भारतातलं सिम रोमिंगवर ठेवणार असाल तर फोनच्या अलर्टवर अवलंबून राहू नका, विमानतळावरच सेफ्टी टिप्स टाका, लोकेशनची परवानगी द्या आणि टोकियो, क्योतो, जिथे जिथे मुक्काम आहे ती शहरं त्यात टाकून ठेवा. कामाकुरा, इझू, सेंदाई, कोची असं समुद्राकाठी कुठे फिरत असाल तर हॉटेलात पोचल्या पोचल्या त्सुनामीसाठी उंच जागा कुठली ते विचारून घ्या, रस्त्यावर निळ्या-हिरव्या पाट्या असतात. आणि तिथे असताना जमीन मिनिटभर हलत राहिली, हळूहळू का होईना, तर फोनवर किती मीटर लिहिलंय ते बघायला थांबू नका, सामान खोलीत राहू द्या, चढावर चालायला लागा आणि इशारा अधिकृतपणे उठेपर्यंत खाली उतरू नका, कारण पहिली लाट सगळ्यात मोठी असतेच असं नाही.